गच्चीची किल्ली न्यायला येणारा मुलगा : नागपुरातील गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद,
नागपूर शहरातील गृहनिर्माण संस्था, अपार्टमेंट आणि ले-आउट

विषय : शेजारच्या घरात मुलाचा छळ होत असल्याचे दिसल्यास किंवा ऐकू आल्यास रहिवासी म्हणून आपले कर्तव्य

सस्नेह नमस्कार.

काही वर्षांपूर्वी मी दक्षिण नागपुरातल्या सोळा फ्लॅटच्या एका अपार्टमेंटची सचिव होते. आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब भाड्याने राहायला आले. नवरा-बायको, त्यांची दोन मुले, आणि गावाकडून ‘शिकायला आणलेला’ नात्यातला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा. घरची दोन्ही मुले सकाळी स्कूल व्हॅनने शाळेत जात आणि हा मागे राही. गच्चीची किल्ली सचिवाकडे असे, त्यामुळे कपडे वाळत घालायचे असले की तो माझ्या दारात येई. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता, शाळांना सुट्ट्या लागलेल्या होत्या, आणि दुपारी एकच्या उन्हात त्या मुलाच्या अंगात पूर्ण बाह्यांचा लोकरीचा स्वेटर होता. मी विचारले, “काऊन रे, गरम नाही होत का?” तो म्हणाला, “थंडी वाजते काकू.” किल्ली घेताना त्याने स्वेटरची बाही बोटांपर्यंत ओढून धरली होती. मी किल्ली दिली, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली आणि दार लावून घेतले, कारण उघड्या दारातून झळा आत येत होत्या.

आपल्याकडचा उन्हाळा कूलरच्या आवाजाखाली जातो आणि त्या घरघरीत शेजारचे काही कानावर येत नाही. जूनमध्ये पहिला पाऊस झाला, कूलर बंद झाले आणि वरच्या घरातले आवाज खाली येऊ लागले. पट्ट्याचा आवाज एकदा ओळखला की तो दुसऱ्या कशाचाही वाटत नाही. मुलाचे रडणे मात्र फारसे ऐकू येत नसे. एखादी बादली पडल्याचा आवाज, पाठोपाठ बाईचा चढलेला स्वर, मग ते दोन-चार फटके, आणि नंतर नुसती शांतता. मी शेजारच्या वहिनींकडे विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, “आम्हालेही येते ना आवाज. पण त्याइच्या घरचं त्याइले पाहू द्या.” मला त्या उत्तराने हायसे वाटले, हे मी इथे स्पष्टपणे लिहिते, कारण ते लपवून पुढचे काही लिहिण्याचा अधिकार मला राहणार नाही.

दिवाळीनंतर त्या कुटुंबाने घर सोडले. देखभाल खर्चाची बाकी नव्हती, म्हणून मी ना-देय दाखल्यावर सही करून दिली. त्या मुलाचे नाव मला आजही ठाऊक नाही. घरात त्याला सगळे ‘ए’ म्हणूनच हाक मारत. त्या वर्षीची सभांची इतिवृत्ते मीच लिहिली होती आणि मध्यंतरी ती पुन्हा वाचून काढली. टँकरचे पाणी, मोकाट कुत्री, लिफ्टच्या दुरुस्तीचा करार, गणपतीची वर्गणी, पार्किंगवरून झालेला वाद, हे सारे त्यात तारीखवार आहे. सात महिने आमच्या डोक्यावर एक मूल मार खात होते, याची एक ओळही त्यात नाही.

हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच की ज्या गोष्टीची नोंद करण्यासाठी आपल्या संस्थांच्या वहीत जागाच नाही, ती गोष्ट आपण पाहूनही पाहत नाही. आणि मुलाच्या बाबतीत शेजाऱ्याने न पाहणे याचा अर्थ मोठ्या माणसाच्या बाबतीतल्यापेक्षा फार वेगळा होतो. मोठा माणूस घर सोडू शकतो, ठाण्यात जाऊ शकतो, निदान आपल्यावर अन्याय होतो आहे हे त्याला कळते. मुलाला तेही कळत नाही. आपण वाईट आहोत म्हणून मार बसतो, अशीच त्याची समजूत असते, आणि जो हात मारतो त्याच हाताने त्याला जेवण मिळते. मुलाच्या वतीने तक्रार करायची ती पालकाने, अशी आपली सगळी व्यवस्था आहे. मारणारा पालकच असेल किंवा पालकाच्या जागी असेल, तर तक्रार करायला भिंतीपलीकडच्या माणसाशिवाय कोणी उरत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली महाराष्ट्रासह तेरा राज्यांतला बालछळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले आणि बहुतेकांनी तो कोणालाही सांगितलेला नव्हता. मूल स्वतः येऊन सांगेल या आशेवर थांबणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

आपण गप्प बसतो त्याची कारणे मी स्वतःपुरती तपासली आहेत. सर्वांत आधी पुढे येणारे कारण असते ते ‘खात्री नव्हती’. स्वेटरच्या आत काय होते ते मी पाहिले नव्हते. कदाचित खरेच हिवताप असेल, कदाचित पट्टा जमिनीवर आपटत असतील. ही ‘कदाचित’ची रांग कधी संपत नाही, आणि ती संपेपर्यंत थांबायचे म्हटले तर मूल मोठे होऊन निघून जाते. लैंगिक गुन्ह्यांच्या बाबतीत तरी कायद्याने हा प्रश्न आपल्या हाती ठेवलेलाच नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्याने तर ती द्यायचीच आहे, पण गुन्हा घडण्याची शक्यता वाटत असेल तरी ती कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायची आहे. घडलेला गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्याला कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर, ती पुढे सिद्ध झाली नाही तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये लिहिलेले आहे. खोट्या माहितीसाठी शिक्षा आहे, पण ती बदनामी, खंडणी, धमकी किंवा अपमान करण्याच्या हेतूने खोटे सांगणाऱ्याला. चुकलेल्या शेजाऱ्याला ती नाही.

त्याच कलम २१ चा एक भाग आपण पदाधिकाऱ्यांनी विशेष काळजीपूर्वक वाचावा. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला असा गुन्हा कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड आहे. चौकीदार, लिफ्टमन, सफाई कामगार, पोहण्याच्या तलावावरचा प्रशिक्षक हे संस्थेने नेमलेले असतील आणि ‘इमारतीचे नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवले, तर हे कलम अध्यक्ष-सचिवांच्या दारापर्यंत येऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींच्या प्रकरणात वेळेवर न कळवल्याबद्दल शाळा चालवणाऱ्यांवर याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला, हे आपण सर्वांनी वाचलेले आहे.

आपल्या विदर्भातलेच एक उदाहरण याहून जवळचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या एका वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाले होते. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता आणि त्याच्याविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. माहीत असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो आरोपीला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे त्या निकालात म्हटलेले आहे. तो डॉक्टर दोषी आहे की नाही हे खटल्यात ठरायचे. गप्प बसण्याकडे न्यायालय कोणत्या नजरेने पाहते, हे मात्र त्या दिवशी ठरले.

आणि नागपूरचेच दुसरे एक प्रकरण, ज्याची देशभर चर्चा झाली ती वेगळ्या कारणाने. २०१६ साली शहरातल्या एका वस्तीत बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो असे सांगून एका माणसाने घरात नेले. कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोखालचा लैंगिक अत्याचार ठरत नाही, असा निकाल नागपूर खंडपीठाने १९ जानेवारी २०२१ रोजी दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द केला, एवढे आपल्याला आठवते. पण त्या खटल्याच्या कागदांत एक शेजारीण आहे, तिची आठवण कोणी काढत नाही. मुलगी दिसेना म्हणून आई शोधत निघाली, तेव्हा तो माणूस मुलीला आपल्या घरी घेऊन गेल्याचे या शेजारणीने सांगितले आणि घर दाखवले. तिच्याजवळ कसलीही खात्री नव्हती. तिने जे पाहिले होते ते सांगितले आणि आई जिना चढून वर गेली. मला त्या बाईविषयी फार आदर वाटतो. मी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली होती. तिने बोट दाखवले होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कळवण्याची ही कायदेशीर सक्ती प्रामुख्याने लैंगिक गुन्ह्यांपुरती आहे. ताब्यातल्या मुलाला मारहाण करणाऱ्या, उपाशी ठेवणाऱ्या किंवा त्याची हेळसांड करणाऱ्यास बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ खाली शिक्षा आहे, परंतु ते ऐकणाऱ्या शेजाऱ्यावर कळवण्याची तशी सक्ती नाही. म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या बाबतीत मी कायद्याने कदाचित पूर्ण निर्दोष ठरेन. त्या निर्दोषपणाने मला एकही रात्र स्वस्थ झोप दिलेली नाही. कायद्याने मला मोकळे सोडले असेल, तरी त्या मुलाने माझ्या दारात उभे राहून मला बाही दाखवली होती. आज मला वाटते की ती ओढून धरलेली बाही हीच त्याला करता येण्यासारखी तक्रार होती.

दुसरे कारण ‘कोणीतरी सांगेलच’. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत असताना पलीकडच्या विद्यार्थ्याला झटका आल्याचा आवाज येई. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के लोक मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी वेळेत उठणारे ३१ टक्केच होते. ते लोक निर्दय नव्हते; आपल्याशिवाय आणखी कोणी आहे, एवढेच त्यांना थांबवायला पुरेसे झाले. आमच्या सोळा फ्लॅटांपैकी निदान पाच घरांत तो आवाज जात होता. ते कुटुंब गेल्यानंतर हळदीकुंकवाला जमलो असताना पाचही घरच्या बायका बोलल्या, आणि ‘सचिव आहेत, त्या पाहतील’ असे बाकी चौघींना वाटत होते हे मला त्या दिवशी कळले. मला वाटत होते की भिंतीला भिंत लागून आहे ते आधी बोलतील.

‘छडी लागे छमछम’ म्हणत वाढलेल्या आपल्या पिढीला मार आणि छळ यांतली रेषा ओळखता येत नाही, असाही एक युक्तिवाद मी ऐकते. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांवर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. शाळेत शिक्षकाने करू नये असे जे आपण मान्य केले, ते घरात चालते असे का मानावे? ज्या मुलाला शाळेच्या वेळी घरकामाला जुंपलेले दिसते, जे उन्हाळ्यात अंग झाकते, ज्याला बाकीची मुले खेळत असताना खाली उतरू देत नाहीत, जे विशिष्ट माणूस लिफ्टमध्ये शिरला की जिन्याने जाते, त्याच्यासाठी रेषा शोधत बसण्याची गरज नसते. २०२३ साली आपल्याच बेसा-पिपळा भागातल्या एका घरातून कुलूपबंद ठेवलेल्या, घरकामाला आणलेल्या लहान मुलीची सुटका झाली आणि तिच्या अंगावर चटक्यांचे व्रण होते. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणे हाच मुळात गुन्हा आहे. ते मूल बाल्कनी पुसताना आपल्याला दिसते, तेव्हाच कळवण्याजोगी गोष्ट घडलेली असते.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते लिहिते. इमारतीत सगळ्यात जास्त कोणाला दिसते? आपल्याला नाही. चार घरी धुणीभांडी करणाऱ्या कामवाल्या ताईंना दिसते, रात्रभर जागणाऱ्या चौकीदाराला दिसते, इस्त्रीचे कपडे नेणाऱ्याला, कचरा उचलणाऱ्या बाईला आणि व्हॅनवाल्याला दिसते. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंनी मला त्या मुलाबद्दल एकदा सांगितलेही होते, “बाई, त्या पोट्ट्याच्या पाठीवर वळ आहेत.” मी विचारले, “तुम्ही त्यांना काही बोललात का?” त्या म्हणाल्या, “बोलली असती तं काम सुटलं असतं ना बाई.” ज्यांना दिसते त्यांची भाकरी न बोलण्यावर टिकलेली असते, आणि ज्यांना बोलता येते ते दार लावून बसलेले असतात. म्हणून माझी पहिली विनंती ही की, मुलाच्या छळाची माहिती देणाऱ्या कोणत्याही कामगाराला त्या कारणावरून काढले जाणार नाही, आणि एका घराने काढलेच तर बाकीची घरे त्याचे काम सांभाळतील, असा ठराव आपल्या संस्थेने करावा. तो कामगारांना वाचून दाखवावा. फलकावर लावला म्हणजे काम झाले असे समजू नये.

दुसरी विनंती ही की, सभासदांपैकी दोन व्यक्ती, त्यांत किमान एक स्त्री, अशा नेमाव्यात की ज्यांना कोणीही येऊन असे काही सांगू शकेल. त्यांचे काम शहानिशा करण्याचे नसावे. ऐकलेले त्यांनी त्याच दिवशी १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर कळवावे. ती निःशुल्क आहे, चोवीस तास चालते आणि आपले नाव न सांगताही तिथे माहिती देता येते. मूल तत्काळ धोक्यात असेल तर ११२ वर फोन करावा. जवळचे ठाणे आहेच, आणि अडचणीतल्या स्त्रिया आणि मुलांना मदत करणारा नागपूर पोलिसांचा भरोसा सेलही २०१७ पासून शहरात आहे. ज्याने ऐकले त्याला स्वतः फोन करायचा असेल तर अर्थातच त्याने तो करावा. नेमलेल्या व्यक्ती आहेत म्हणून बाकीच्यांचे कर्तव्य संपले असे मला मुळीच सुचवायचे नाही.

काय करू नये हेही सांगते, कारण चांगल्या हेतूने फार नुकसान होते. त्या घराची बेल वाजवून आई-वडिलांना जाब विचारू नये. आपण खाली उतरलो की त्याचा सूड मुलावर निघतो. दोन्ही बाजूंना संस्थेच्या कार्यालयात बसवून समेट घडवू नये. मुलाला चार जणांसमोर उभे करून ‘खरे सांग’ म्हणू नये. पोक्सोच्या प्रकरणात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यावा, इतकी काळजी कायदा घेतो. त्याआधी सहा काकूंनी सहा वेळा विचारलेल्या प्रश्नांनी मूल मिटून जाते. आणि कृपा करून इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लॅटचा क्रमांक, फोटो किंवा ध्वनिफीत टाकू नये. मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते मूल त्याच जिन्याने रोज खाली उतरणार असते.

‘फोन केला तर मूल उचलून आश्रमात टाकतील आणि घर मोडेल’ ही भीती मी अनेक सज्जन माणसांच्या तोंडून ऐकली आहे. तिला उत्तर हे की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा, असे तत्त्व बाल न्याय कायद्यातच लिहिलेले आहे. प्रकरण बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या याच कायद्याखालच्या समितीपुढे जाते, चौकशी होते, आणि पुष्कळदा मूल समुपदेशन आणि देखरेखीखाली कुटुंबातच राहते. ही यंत्रणा निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. फोननंतर उशीर होतो, पाठपुरावा करावा लागतो. पण जिथे कोणीच कळवलेले नसते, तिथे त्या मुलाचे काय करायचे हा निर्णय मारणाऱ्यावर सोडलेला असतो. वैर येईल ही भीतीही खरी आहे. ते येऊ शकते आणि ते पत्करावे लागेल. पार्किंगच्या एका जागेसाठी आपण वर्षानुवर्षांची वैरे पत्करतो.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. आपल्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ यांत न ढकलता स्वतंत्र क्रमांकाने घ्यावा, त्यावर बोलणे व्हावे, आणि झालेले बोलणे इतिवृत्तात उतरावे, अशी माझी नम्र विनंती आहे. अपार्टमेंट असो, गृहनिर्माण संस्था असो की जुने ले-आउट असो, ज्या वहीत वर्गणीचा हिशेब लिहिला जातो त्याच वहीत हे लिहिले जावे.

आमच्या अपार्टमेंटमध्ये आता नवे सचिव आले आहेत, तरुण आहेत, कामाला तत्पर आहेत. गच्चीची किल्ली आणि रजिस्टर मी त्यांच्या स्वाधीन केले, तेव्हा त्यांना हा सगळा प्रसंग सांगितला आणि एक विनंती केली. त्यांनी रजिस्टरमध्ये वेळेच्या रकान्याशेजारी पेनाने आणखी एक रकाना आखला. किल्ली न्यायला मूल आले, तर त्याला त्याचे नाव विचारून ते तिथे लिहायचे.

आपली,
एका अपार्टमेंटची माजी सचिव,
नागपूर